दोन सह्यांच्या मधले दिवस

(दृश्य: पहाट. भेगाळलेली माती. लांबवर माडांचे वठलेले बुंधे.)

ही जमीन वर्षातले दहा-अकरा महिने पाण्याखाली असते. सांगे तालुक्यातलं हे कुर्डी गाव. साळावली धरणाच्या पाण्यात १९८६ साली बुडालं, आणि दर मे महिन्यात थोडे दिवस वर येतं. समोर चिऱ्यांचा चौथरा दिसतोय ना, ते घर होतं. मधोमध वाटण वाटायचा दगडी रगडा आहे. तो कुणी नेला नाही. उचलणार कोण?

गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. इथलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्यानं दगड दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभं केलं. सहाशेहून जास्त कुटुंबांना हलवतानाही इतकीच निगुती दाखवली होती का, ते त्यांना जिथे वसवलं त्या वाडे आणि वालकिणी गावांतल्या लोकांना विचारा.

(दृश्य: चौथऱ्याच्या पायऱ्यांवर दोन माणसं. बाजूला छत्री धरलेला मुलगा.)

या पायऱ्यांवर एका लघुपटाचं चित्रीकरण चाललंय, आणि आम्ही ते आमच्या कॅमेऱ्यानं टिपतोय. करणारे कुणी सिनेमावाले नाहीत, देवळाच्या उत्सवात नाटक बसवणारी मंडळी आहेत. घरी कोकणी बोलतात, तोंडाला रंग लागला की मराठी. म्हणून लघुपटही मराठीतच.

गोष्ट प्रेमाची आहे. ती बासष्टची, तो सेहेचाळीसचा. दोघंही कुर्डीचे. गाव सुटलं तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि तो चार. तिला विहिरीची वाट, कुणाच्या परसात कुठला फणस, सगळं पाठ. त्याला काहीच आठवत नाही. म्हणजे सोळा वर्षांचं हे अंतर नुसतं वयाचं नाही. तिच्याकडे अख्खं गाव आहे, त्याच्याकडे त्याची ऐकीव माहिती.

गोव्यात लग्नासाठी निबंधकाच्या कचेरीत दोनदा जावं लागतं. पहिल्या सहीनंतर सूचना लागते, कुणाची हरकत असेल तर ती घेता येते, मग दुसरी सही. लघुपटाची गोष्ट या दोन सह्यांच्या मधली. कचेरी कुठे दिसत नाही. 'दुसरी सही सोमवारी,' एवढं एकच वाक्य आहे. हरकतीची भीती घालायला तेवढं पुरतं.

(दृश्य: तालीम. सोप्यावर पेटी, चहाचे कप, हातात चुरगळलेले कागद.)

या मंडळींचं सगळं बालपण 'शारदा'वर गेलं. देवलांचं नाटक १८९९चं. त्यातल्या, कोवळ्या मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या पंचाहत्तरीच्या नवरदेवाला पिढ्यान् पिढ्या हसल्या, आणि हसायलाच हवं होतं. पण बाईच वयानं मोठी असली तर? आमच्या रंगभूमीनं तिला आई केलं, मावशी केलं, फार तर विहीण. नायिका करायचं कुणाला सुचलं नाही.

आणि इथेच गाडी अडली. त्यानं तिला हाक काय मारायची? लहानपणापासून तो तिला 'ताई' म्हणत आलाय. ते आता चालणार नाही. नुसतं नाव घ्यावं तर त्याचीच जीभ अडखळते. 'अगं' म्हटलं की पेटीवाले काका मान हलवायचे. दोन संध्याकाळी याच एका शब्दात गेल्या. आम्ही कॅमेरा बंद केला नाही, हे बरं झालं.

(दृश्य: तोच सोपा. रात्र. तो उठून उभा राहतो.)

बघा आता. नाटकात हा शब्द नेहमी नायिकेच्या तोंडी असतो, नवऱ्यासाठी. तो वळतो आणि म्हणतो, 'अहो, ऐकलंत का?'

हे हसू संहितेत नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावलाय, तो पात्रानं नाही, बाईनं लावलाय. काकांनी पेटीचा भाता सोडून दिला. चित्रीकरणात हाच शब्द राहिला.

(दृश्य: कुर्डी, सकाळचे सात. ती अनवाणी, पुढे. तो दोन पावलं मागे.)

नऊनंतर उन्हानं चिरे तापतात, म्हणून सगळं काम सहा ते नऊच्या आत. ती त्याला घर दाखवते. नुसत्या जमिनीवर बोट ठेवून सांगते: इथे देव, इथे माजघर, इथे पावसाळ्याची लाकडं. तो प्रत्येक जागी थांबतो, उंबरठा नसताना पाय उचलून आत येतो. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग ती त्याला विचारते, तुझं घर कुठलं? त्याला माहीत नाही. तीच त्याचा हात धरून नेते.

लघुपट पुरा झाला, दोन-तीन ठिकाणी दाखवला. काही घरांत त्यावरून बोलाचाली झाली, आणि पुढच्या उत्सवातल्या नाटकात नायिका झालेल्या बाईंना काम मिळालं नाही.

(दृश्य: जून. करडं आभाळ. धरणाच्या अर्धवर्तुळाकार सांडव्यावर पावसाची सर. मग पुन्हा कुर्डी.)

पाणी गावातल्या सोमेश्वराच्या देवळाकडून येत नाही, खालून येतं. आधी भेगा भरतात, मग वाट, मग रगडा. चौथऱ्याच्या तीन पायऱ्यांपैकी वरची एक अजून दिसतेय. ती बसली होती तीच. कॅमेरा इथे बराच वेळ उभा होता. आपण अर्धं मिनिट पाहू.

(निवेदन नाही. फक्त पाऊस.)