डेकचं प्लॅनिंग : फळ्यांचं नंतर बघू

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय घराच्या मागच्या डेकबद्दल, म्हणजे खांब-वाशांच्या सांगाड्यावर फळ्या ठोकून केलेल्या उघड्या ओट्याबद्दल.

डेक करायचा ठरला की घरात पहिली चर्चा कशाची होते, तर फळ्या तपकिरी घ्यायच्या की करड्या, कठडा लाकडी की काचेचा, दिवे कुठले लावायचे. माझं म्हणणं असं की हे सगळं थोडं मागे ठेवा, कारण डेक कुजतो किंवा कोसळतो तो बहुतेक वेळा खालच्या सांगाड्यापायी आणि सांगाड्यात अडकून बसलेल्या पाण्यापायी, आणि तो भाग नंतर कुणाला दिसत नाही म्हणून त्यावर कुणी बोलतही नाही.

पण त्याच्याही आधी माप. कागदावर नको, सरळ अंगणात जाऊन फक्की मारा, टेबल-खुर्च्या बाहेर आणून त्या चौकोनात ठेवा आणि बसून बघा. खुर्ची मागे सरकवून उठायला आणि मागून कुणी जायला टेबलाच्या प्रत्येक बाजूला तीनेक फूट लागतात, म्हणजे चौघांच्या टेबलालाच १० बाय १० फूट सहज जातात, आणि मग जिना कुठून उतरणार ते राहिलंच. दुपारी आणि संध्याकाळी ऊन कुठून येतं तेही तेव्हाच बघून घ्या, पश्चिमेचं ऊन डोळ्यात घेत कुणी बसत नाही.

आता मुख्य मुद्दा, डेक घराला जोडतात ती जागा. भिंतीवर एक जाड आडवी फळी ठोकतात, तिला लेजर म्हणतात, आणि सगळे वाशे एका टोकाला तिच्यावर टेकतात. ही फळी नुसत्या खिळ्यांवर असेल तर प्लॅन तिथेच थांबवा! डेकवर माणसं जमली, हलली की खिळे हळूहळू भिंतीतून सुटत येतात, आणि डेक पडल्याच्या घटनांमध्ये हाच सांधा निसटलेला वारंवार दिसतो. इथे बोल्ट किंवा त्याच कामासाठी बनवलेले जाड स्क्रू पाहिजेत, आणि त्या फळीच्या वरून भिंतीच्या आवरणाखाली गेलेली पत्र्याची पट्टी पाहिजे, नाहीतर पावसाचं पाणी फळीमागे उतरतं आणि डेकबरोबर घराची भिंतही आतून कुजायला लागते. भिंतीला विटा नुसत्या दर्शनी, म्हणजे बाहेरून शोभेपुरत्या लावलेल्या असतील तर तिच्यावर भार टाकायचाच नाही, डेक चारी बाजूंनी स्वतःच्या खांबांवर उभा करायचा. खर्च थोडा वाढतो, पण मला विचाराल तर भिंतीबद्दल शंका असेल तिथे हाच पर्याय बरा.

भाराचा एक आकडा सांगतो. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत डेकसाठी साधारणपणे दर चौरस फुटाला ४० पौंड माणसांचा आणि सामानाचा भार धरतात, म्हणजे १०० चौरस फुटांच्या डेकला जवळजवळ १८०० किलो. ऐकायला भरपूर वाटतं, पण कुणी म्हणालं की कोपऱ्यात गरम पाण्याचा टब ठेवू, तर लिटरला एक किलो असा हिशोब करा, १५०० लिटर पाणी म्हणजे दीड टन, तेही एवढ्याशा जागेत, वर टबाचं आणि आत बसणाऱ्यांचं वजन वेगळंच. टब हवा असेल तर पहिल्याच दिवशी सांगा आणि इंजिनिअरकडून तपासून घ्या.

खांब थेट मातीत पुरू नका, काँक्रीटच्या पायावर धातूची बैठक बसवून जरा उचलून ठेवा म्हणजे बूड कोरडं राहतं. थंड प्रदेशात जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि पाया वर उचलतं, तिथे जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली पाया न्यावा लागतो. आणि खणायच्या आधी खालून केबल किंवा पाईप गेलाय का ते बघा हो, हे लोक हमखास विसरतात.

फळ्यांचं नंतर बघू म्हटलं खरं, पण एक गोष्ट आधीच ठरवावी लागते, लाकूड की कंपोझिट, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या. कारण वाशांमधलं अंतर त्यावर ठरतं, साधारण १६ इंच चालतं, पण कंपोझिट तिरकं टाकायचं असेल तर बहुतेक कंपन्या १२ इंच सांगतात. कंपोझिटला वरचेवर तेलपाणी करावं लागत नाही हे खरं, पण उन्हात ते चांगलंच तापतं, अनवाणी चालणाऱ्यांनी नमुन्याचा तुकडा दुपारभर उन्हात ठेवून त्यावर पाय ठेवून बघावा. आणि खालचा सांगाडा बहुतेक वेळा लाकडाचाच असतो! ते लाकूड तांब्याचं औषध मुरवलेलं असेल तर साधे लोखंडी स्क्रू त्यात लवकर गंजतात, स्टेनलेस किंवा जस्ताचा जाड थर दिलेलेच घ्या. कापलेल्या टोकांना परत औषध लावायला सांगा, सुतार घाईत असला की ते राहून जातं.

कठड्याबद्दल थोडक्यात. त्याच अमेरिकन नियमांत डेक जमिनीपासून ३० इंचांपेक्षा उंच असेल तर कठडा लागतो, किमान ३६ इंच उंच, आणि त्यातून ४ इंचांचा चेंडू पार जाता कामा नये, म्हणजे लहान मूल अडकणार नाही की निसटणार नाही. तुमच्याकडे नियम वेगळे असतील, परवानगी काढताना विचारा. आडव्या तारांचा कठडा दिसतो छान, पण घरात लहान मुलं असतील तर ती त्याची शिडी करणार हे धरून चाला. पायऱ्या सगळ्या सारख्या उंचीच्या हव्यात, गडबड होते ती शेवटच्या पायरीला, कारण अंगणाला उतार असतो आणि माप दाराशी घेतलेलं असतं.

आणि फळ्या ठोकायच्या आधी दोन कामं उरकून घ्या, खालच्या जमिनीला घरापासून लांब उतार द्या आणि दिव्यांच्या वायरसाठी रिकामा पाईप टाकून ठेवा, डेक बुटका असेल तर नंतर खाली हात घालायलाही जागा राहत नाही. बरं, वेळ संपत आली, येतो मी. नमस्कार.