पिंपातले पैसे आणि तीन फटके

नमस्कार श्रोतेहो. आज आपण जायचंय जपानला, हिरोशिमाला. हिरोशिमा म्हटलं की आपल्याला 6 ऑगस्ट 1945 आठवतो आणि आपण तिथेच थांबतो. त्याच शहराचा एक बेसबॉल संघ आहे, हिरोशिमा कार्प. आज त्याच्याबद्दल बोलणार आहे.

कार्प हा गोड्या पाण्यातला मासा, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. हिरोशिमाच्या किल्ल्यालाच कार्पचा किल्ला म्हणतात, म्हणून संघाचं नावही तेच. मी पडलो कोकणातला. नदीचा मासा आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात वाढत नाहीत, आणि ते योग्यच आहे असं माझं ठाम मत आहे. पण हा कार्प मला आवडतो.

संघ निघाला 1949 च्या अखेरीस. अणुबाँबला जेमतेम चार वर्षं झाली होती. इतर संघांच्या पाठीशी बड्या कंपन्या होत्या, यांच्या पाठीशी कोणीच नाही. 1950 चा पहिला हंगाम, आठ संघ, आणि कार्पचा नंबर आठवा. 1951 उजाडलं तेव्हा खेळाडूंचे पगार थकले होते. संघ मोडावा किंवा दुसऱ्या संघात मिसळून टाकावा, अशी बोलणी सुरू झाली. तेव्हा संघाचे मॅनेजर शुइची इशिमोतो, तेही मूळचे हिरोशिमाचेच, थेट लोकांकडे गेले. मैदानाच्या दाराशी साकेचं लाकडी पिंप मांडलं. साके म्हणजे तिथली तांदळाची दारू; पिंप अर्थात रिकामं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्यात पैसे टाकायचे. ज्यांची स्वतःची घरं अजून धड उभी नव्हती त्या लोकांनी टाकले, आणि संघ तगला. लक्षात ठेवा श्रोतेहो, हा वर्गणीवर तगलेला संघ आहे. (आपल्याकडच्या मंडळांनीही वर्गणीचा हिशेब फळ्यावर लावावा, हे माझं जुनं मागणं आहे. असो.)

पुढची बरीच वर्षं सांगण्यासारखं फार काही घडलं नाही. पहिलं लीग विजेतेपद आलं थेट 1975 मध्ये, सव्विसाव्या हंगामात. त्याआधीची तीन वर्षं संघ ओळीनं तळाला होता. त्या वर्षी टोप्या लाल झाल्या, आणि हिरोशिमाचा रंग आजही लालच.

आता मला जे सांगायचंय ते सांगतो. साचिओ किनुगासा. वडील अमेरिकन सैनिक, आई जपानी, जन्म क्योटोचा. 1965 मध्ये कार्पमध्ये आला. ऑक्टोबर 1970 पासून या माणसानं एकही सामना चुकवला नव्हता. आपल्या शाळेत शंभर टक्के हजेरीचं बक्षीस असायचं ना? ते मिळवणारा मुलगा बहुधा हुशार नसायचा, पण मास्तरांचा जीव त्याच्यावरच असायचा. किनुगासा हजेरीतही पहिला आणि फटक्यांतही.

1 ऑगस्ट 1979. समोर टोकियोचा बलाढ्य जायंट्स संघ, चेंडू टाकतोय ताकाशी निशिमोतो. चेंडू आत आला आणि किनुगासाच्या डाव्या खांद्यामागे बसला. खांद्याच्या पात्याचं हाड मोडलं. दोन्ही संघ मैदानात धावून आले, धक्काबुक्की झाली. हजेरीचा आकडा तेव्हा अकराशेच्या पुढे गेला होता. सगळे म्हणाले, संपलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जायंट्सशीच सामना. चेंडू टाकायला सुगुरु एगावा, नवा गडी, पण तुफान वेगाचा. आणि कार्पकडून बदली फलंदाज म्हणून बॅट घेऊन कोण निघालं? किनुगासा. हाड मोडून चोवीस तास झालेले! नुसती हजेरीच लावायची तर बॅट खांद्याशी धरून उभं राहिलं तरी चालतं. बेसबॉलमध्ये तीन स्ट्राइक झाले, म्हणजे तीन चांगले चेंडू हुकले किंवा सोडले, की फलंदाज बाद, मग गपचूप परत यायचं.

पहिला चेंडू आला. किनुगासानं अंगातलं सगळं बळ लावून बॅट फिरवली. हुकला. दुसरा आला, पुन्हा तशीच, कंबरेपासून. हुकला. तिसरा. तोही हुकला. तीन चेंडू, तीन पूर्ण फटके, बाद.

सामन्यानंतर तो म्हणाला, पहिला फटका प्रेक्षकांसाठी, दुसरा माझ्यासाठी, तिसरा निशिमोतोसाठी.

पुन्हा सांगतो. तिसरा निशिमोतोसाठी. ज्याच्या चेंडूनं हाड मोडलं त्याच्यासाठी! त्या पोराला रात्रभर झोप लागली नसेल, हे किनुगासानं ओळखलं असणार. आपण ठीक आहोत हे त्याला कळवायचं, आणि तेही बॅटनं. आणि पहिला फटका प्रेक्षकांसाठी का, ते मी सांगायला नको. पिंप आठवा. वर किनुगासा पुन्हा म्हणतो, काही म्हणा, एगावाचा चेंडू वेगवान होता हं!

हल्ली खेळाडू आधीच ठरवून विश्रांती घेतात. डॉक्टरांचं बरोबरही असेल. मला मात्र ते पचत नाही.

त्याच 1979 मध्ये कार्पनं जपानचं अजिंक्यपद, म्हणजे तिथल्या दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, पहिल्यांदा जिंकलं. सातव्या सामन्यातला शेवटचा डाव, एका धावेची आघाडी, तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, समोरचे गडी उभे आणि त्यांचा एकही बाद नाही. तरी कार्पच्या युताका एनात्सुनं धाव दिली नाही. त्या डावात त्यानं टाकलेले 21 चेंडू जपानमध्ये अजून मोजून सांगतात. पुढे 1980 आणि 1984 मध्येही अजिंक्यपद आलं. लीग विजेतेपदं एकूण नऊ, त्यातली शेवटची तीन 2016 ते 2018, ओळीनं.

किनुगासाची हजेरी 1987 मध्ये थांबली, सलग 2215 सामन्यांवर. अमेरिकेच्या लू गेरिगचा 2130 चा आकडा त्यानं त्याच वर्षी मागे टाकला होता. जून 1996 मध्ये कॅन्सस सिटीत अमेरिकेच्याच कॅल रिपकेननं 2216 वा सामना खेळून किनुगासाचा विक्रम मोडला.

तो मोडताना बघायला किनुगासा मैदानावर हजर होते. नमस्कार.