फडक्यातून ठिबकणारे पाणी

पावावर लावायचे मऊ चीज घरी करण्यासाठी एक लिटर साय न काढलेले दूध आणि २०० मिलिलिटर ताजे क्रीम या पातेल्यात एकत्र तापत आहे. लाकडी चमचा सतत तळापासून फिरतो, कारण असे दाट दूध फार लवकर बुडाला लागते आणि तो करपट वास पुढे कशानेही झाकला जात नाही. कडेला बुडबुडे जमू लागले, म्हणजे तापमान ९० अंश सेल्सिअसच्या आसपास आले, की आच बंद होते. दूध इतके तापवण्याला कारण आहे. या उष्णतेने एरवी पाण्याबरोबर निथळून जाणारी प्रथिने उलगडतात, केसीन या दुधातील मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि चोथ्यात, म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या घट्ट भागात, राहून ओलावा धरून ठेवतात.

आता ही बारीक धार पाहावी. तीन मोठे चमचे लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून तो थोडा थोडा सोडला जात आहे. ताज्या दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा अंक, जो आम्ल वाढले की उतरतो) साधारण ६.७ असतो, आम्लामुळे तो उतरू लागला की केसीनच्या कणांना परस्परांपासून दूर ठेवणारा ऋणभार ओसरतो आणि ते एकमेकांना बिलगतात. रस एकदम ओतला तर चोथा घट्ट आणि रबरट होतो, हळूहळू घातला तर तो असा, ढगासारखा मऊ, सुटतो. खाली हिरवट पिवळे पाणी स्वच्छ दिसू लागले की हात थांबवावा.

मलमलीच्या फडक्यात बांधलेली ही पुरचुंडी अर्धा तास केवळ टांगून ठेवलेली आहे. चीजचा मऊपणा येथेच ठरतो, आणि नेमकी येथेच सर्वाधिक घाई केली जाते. पुरचुंडी पिळू नये, तिच्यावर वजनही ठेवू नये. पिळलेल्या चोथ्याचे कोरडे दाणे नंतर कितीही घुसळले तरी जिभेला लागतात. बाजारातील डब्यांत हा ओलावा टिकवण्यासाठी बहुधा डिंकाच्या जातीचे पदार्थ घातलेले असतात. घरी त्यांची गरज पडत नाही, ती आपल्या हाताच्या संयमाने भागते, आणि म्हणूनच हा खटाटोप करावा असे मनापासून वाटते.

चोथा कोमट असतानाच, स्निग्धांश मऊ आहे तोवर, अर्धा चमचा मिठासह मिक्सरमध्ये चार-पाच मिनिटे फिरवला जातो. भांड्याच्या कडेने उतरणारा हा दाणेदार थर पाहता पाहता एकसंध होतो आणि त्यावर चमक येते. फार घट्ट वाटल्यास निथळलेले पाणीच चमचाभर घालावे. त्यानंतर लसणाची एकच ठेचलेली पाकळी, जाडसर कुटलेली मिरी, लिंबाच्या सालीचा कीस आणि पुसून कोरडी केलेली, बारीक चिरलेली पार्सली हलक्या हाताने मिसळली जाते.

चार तास फ्रिजमध्ये राहिल्यावर लसणाचा आणि पार्सलीचा गंध स्निग्धांशात मुरतो. पाहुणे येण्यापूर्वी अर्धा तास वाडगा बाहेर काढावा, कारण थंडगार चीजला चव कमी लागते. मेजावर तो दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये आणि उरलेले तीन-चार दिवसांत संपवावे.

भाजलेल्या पावाच्या पातळ कापांवर सुरी फिरते आणि तिने ओढलेली रेघ तशीच उमटून राहते.