आधी भुईकाटा, मग पाना

(तासगाव येथे द्राक्षबागायतदार आणि पिकअपचालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

बागा फुलोऱ्यात असताना तुम्ही वेळ काढून आलात, म्हणून थेट कामाचंच बोलतो. पिकअपच्या मागच्या चाकांवर भार झेलायला पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग असते, तिच्या एकेका पट्टीला आपण पाटा म्हणतो. हा पाट्याचा तुकडा पुढच्या रांगेत देतो, हातोहात मागं जाऊ द्या. खालच्या बाजूनं, टोकापासून वीतभर आत बोट फिरवा. नखाला एक खाच लागेल. त्याच्याखालचा आखूड पाटा वर्षानुवर्षं आपलं टोक तिथं घासत राहिला, त्याची ती खूण आहे. खाचेच्या भोवती तांबूस गंज आहे, तो हाताला लागेल. आज मला जे सांगायचंय ते बहुतेक सगळं या खाचेत आहे.

ज्यांच्या गाडीचा हा पाटा, ते माझ्याकडं आले तेव्हा म्हणाले, "मिस्त्री, गाडी लई आपटतीया. चांगले जाड पाटे टाका." हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय. गाडी आपटते, म्हणून पाटे कडक करा. कंबर धरते, म्हणून पाटे कडक करा. सुरुवातीच्या काळात मीही निमूट टाकून द्यायचो. मणेराजुरीच्या बाजूचे एक बागायतदार होते, वडिलांच्या वयाचे. त्यांच्या पिकअपला मी दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवले. गाडी मागून चार बोटं उचलली, अण्णा खूश झाले. आठवड्यानं वाशीच्या मार्केटची विक्रीची पट्टी घेऊन ते माझ्या दारात उभे. दर तुटला होता. हौद्यातल्या शेवटच्या रांगेचे आणि सगळ्यात वरच्या थराचे क्रेट उघडले, तर तळाला मणी सुटून पडलेले. पुढचा, खालचा माल चांगला होता. अण्णा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "बाग मी वर्षभर जपली, रात्रीत गेली." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

त्यांची गाडी तेव्हा मी भुईकाट्यावर, म्हणजे अख्खी गाडी तोलणाऱ्या काट्यावर, नेली. भरलेला माल चौदाशे किलो. मूळ पाटे तेवढ्यासाठी पुरेसे होते. मी वाढवलेल्या पाट्यांची गरजच नव्हती. खरा दोष वेगळा होता, आणि तो न शोधता मी लोखंड वाढवलं होतं.

आता हे का होतं ते बघू. स्प्रिंगवर जेवढं वजन टाकाल त्या प्रमाणात ती दबते, हे रॉबर्ट हूकनं १६७८ साली लिहून ठेवलंय. पिकअपची अडचण अशी की तिच्यावरचं वजन एक नसतं. मोटारीत चार माणसं बसली काय आणि एक बसलं काय, फरक दोनशे-अडीचशे किलोचा. पिकअपचं तसं नाही. समजा रिकाम्या गाडीत मागच्या पाट्यांवर सहाशे किलो आहे आणि माल भरल्यावर दोन हजार. दोन हजारांना पाटे १२ सेंटिमीटर दबत असतील, तर सहाशेला साडेतीनच सेंटिमीटर दबतात. पाटा जितका कमी दबलेला, तितकी गाडी भराभर उडते. या आकड्यांनी हिशोब केला तर भरलेली गाडी सेकंदाला साधारण दीड वेळा वर-खाली होते आणि रिकामी अडीचपेक्षा जास्त वेळा. सेकंदाला दीड म्हणजे माणूस आरामात चालताना अंग हलतं त्याच्या जवळपास, ते शरीराला सवयीचं आहे. पण सेकंदाला चार ते आठ हेलकावे आपल्या शरीराला सगळ्यात जास्त त्रास देतात. माणसाला बसणारे हादरे मोजण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, ती उभ्या हादऱ्यांत याच पट्ट्याला सर्वांत जास्त वजन देते. पोट, कंबर, पाठीचे मणके तिथंच धरतात. तुम्ही पाटे वाढवता तेव्हा गाडीला त्या पट्ट्याकडं ढकलत असता.

आणि किती ढकलता? पाट्यांची संख्या वाढवली तर कडकपणा त्या हिशोबानं वाढतो. सहाचे आठ केले तर सुमारे तिसरा हिस्सा. पण जाडीचं गणित फसवं आहे, ते घनाच्या पटीत चालतं. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातला, दोनच मिलिमीटर, तर त्या पाट्याचा कडकपणा जवळजवळ दुप्पट होतो. डोळ्याला फरक दिसत नाही, द्राक्षाला कळतो.

आता परत त्या खाचेकडं या. पाट्यांचा गठ्ठा दबतो तेव्हा पाटे एकमेकांवर सरकतात. सरकायला हवेतच. त्यात गंज, माती, उसाच्या रस्त्यावरचा चिखल बसला आणि टोकानं खाच पाडली की गठ्ठा एकजीव ठोकळ्यासारखा होतो. मोठा खड्डा आला की कर्रकन आवाज करून उघडतो, पण बारीक खडबडीवर तो हलतच नाही. मग गाडीला स्प्रिंग म्हणून काय उरलं? फक्त टायरमधली हवा. ती गाडीला नेमकं त्या त्रासाच्या वेगानं उडवते. तुम्ही म्हणता पाटे कडक आहेत. पाटे कडक नाहीत, अडकलेत. अण्णांच्या गाडीचं हेच झालं होतं, आणि मी त्यात आणखी दोन घासणारे पाटे घातले.

म्हणून माझ्याकडं आता कोणी आलं की मी आधी भुईकाट्याची पावती मागतो. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी, दोन्ही. मागची चाकं एकटी काट्यावर घेऊनही वजन घ्या, कारण पाट्याला एकूण वजनाशी देणंघेणं नाही, त्याच्यावर काय येतं तेवढंच त्याला कळतं. पासिंगपेक्षा, म्हणजे कागदोपत्री मंजूर वजनापेक्षा, जास्त माल असेल, तर पाट्याचा प्रश्नच नाही, माल कमी करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. आणि पाटे वाढवल्यानं पासिंग वाढत नाही. एक्सल, बेअरिंग, ब्रेक तेच राहतात.

मग टायरची हवा. दरवाजाच्या खांबावर कंपनीची पट्टी असते, त्यावरचे आकडे पाळा. भरलेल्या गाडीची हवा ठेवून आठवडाभर रिकामं फिरलात तर कुठलाही पाटा तुम्हाला वाचवणार नाही.

त्यानंतर गठ्ठा उतरवायचा. पाटे सुटे करून तारेच्या ब्रशनं घासायचे, खाच खोल असेल तो पाटा बदलायचा, मध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस लावायचं किंवा टोकांना नायलॉनच्या पट्ट्या बसवायच्या. मेहनतीचं काम आहे, पण रिकाम्या गाडीची चाल याच कामानं सगळ्यात जास्त सुधारलेली मी पाहिली आहे. एक विनंती, पाट्यांवर इंजिनचं जळकं तेल ओतू नका. ते पाट्याच्या टोकांच्या कड्यांत बसवलेल्या रबरी बुशवर उतरतं, रबर फुगून सडतं.

बुश बदलताना एक चूक जवळपास सगळीकडं होते. गाडी जॅकवर लटकलेली असतानाच मिस्त्री शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे, आणि पिनेचे नट पक्के आवळतो. मग गाडी चाकांवर उतरली की रबर आतल्या आत पिळलं जातं आणि तसंच पिळलेलं चालतं. काही महिन्यांत फाटतं. नट सैल ठेवा, गाडी खाली सोडा, एकदोनदा मागून दाबून हलवा आणि मग आवळा. तुम्ही शेजारी उभे राहून हे करवून घ्या, खर्च काही नाही.

गावाकडं पाटा चपटा झाला की गॅसनं लाल करून ठोकून कमान देतात. तसं करू नका. आपले लोहार विळ्याला, कुऱ्हाडीला पाणी देतात, ते का देतात तुम्हाला माहीत आहे. पाट्याच्या पोलादालाही कारखान्यात मोजून पाणी दिलेलं असतं, मग ठरावीक उष्णतेवर त्याला लवचीक केलेलं असतं. गॅसच्या ज्योतीत ते सगळं जातं. कमान दिसायला येते, पंधरा दिवसांत बसते किंवा तिथंच तुटते.

शॉकअप, म्हणजे पाट्याच्या जोडीला असणारी तेलाची नळकांडी, त्याबद्दल गैरसमज फार. धक्का शॉकअप घेत नाही, पाटाच घेतो. पाट्यानं घेतलेला धक्का परत उसळी मारतो, ती उसळी आवरणं शॉकअपचं काम. मणी गळतात ते या उसळीनं. वरच्या थरातला क्रेट हवेत उठतो आणि परत आदळतो, तोही चाकाच्या मागं लोंबणाऱ्या हौद्यात, जिथं हालचाल सगळ्यात जास्त. शॉकअप खालून सोडून हातानं ओढून बघा. पूर्ण लांबीभर सारखा जोर लागला पाहिजे, मध्ये कुठं पोकळ गेला तर तो संपला. खराब रस्त्यावर साध्या शॉकअपच्या तेलाला फेस येतो आणि जोर जातो. गॅस भरलेला घेतलात तर हे कमी होतं. लांबी मात्र मूळची हवी. आखूड बसवला तर चाक खाली जाताना तोच ताणला जातो आणि ब्रॅकेट उपटतो.

एवढं करूनही पोट दुखत असेल, तर मग पाटेच बदलायचा विचार करा. पॅराबोलिक पाटे येतात. संख्या कमी, प्रत्येक पाटा मध्ये जाड आणि टोकाकडं निमुळता, आणि मधल्या भागात एकमेकांना न टेकणारे, त्यामुळं घासणं जवळजवळ नाही. किंवा दोन टप्प्यांचा गठ्ठा, वरचे पाटे मऊ आणि खाली हेल्पर, जो वजन आल्यावरच टेकतो. माझ्या मते रोज एक फेरी भरलेली आणि एक रिकामी असणाऱ्याला हाच खरा उपाय. अमेरिकेत जड पिकअपवाल्यांचं दुखणं वेगळं नाही. तिकडं पाऊण टनी म्हणवणाऱ्या गाड्या आठवडाभर रिकाम्या फिरतात आणि एखाद्या दिवशी मोठा ट्रेलर ओढतात. राम २५०० ला तर २०१४ पासून मागचे पाटे काढून कॉइल स्प्रिंगच दिली.

हवेच्या पिशव्यांबद्दल मघाशी एका दादांनी विचारलं. चेसिस आणि एक्सलच्या मध्ये बसतात, भरल्यावर हवा मारायची, रिकामं झाल्यावर उतरवायची. कल्पना चांगली आहे. पूर्ण रिकाम्या मात्र ठेवू नका, थोडी हवा राहू द्या, नाहीतर घडी पडून फाटतात. दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या ठेवा. एकच नळी जोडली की वळणावर हवा उतरत्या बाजूकडून दुसरीकडं पळते आणि गाडी आणखी कलते.

आणि जे सगळ्यात जास्त काळजीनं सांगतोय ते आता ऐका. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलपासून चेसिसपर्यंत एक बारीक दांडी असते, तिच्या टोकाला ब्रेकचा व्हॉल्व्ह. गाडी मागून किती दबली हे ती दांडी मोजते आणि तेवढाच ब्रेक मागच्या चाकांना सोडते. तुम्ही पाटे वाढवले, पिशवी फुगवली, गाडी उंच राहिली, की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मागचा ब्रेक तो कमी करतो. वर दीड टन द्राक्ष, पहाटे खंडाळ्याचा घाट उतरताय, आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर. अण्णांच्या गाडीला मी पाटे वाढवले तेव्हा ही दांडी बघितलीही नव्हती. ती गाडी त्या रात्री घाट उतरून वाशीला पोचली, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो. मागची उंची बदलेल असं कुठलंही काम केलंत, तर कंपनीच्या मापानं ही दांडी परत लावून घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

बाहेर अंगणात दोन पिकअप उभ्या आहेत, एकीचा गठ्ठा आज सकाळीच उघडून साफ केलाय. ज्यांना बघायचंय त्यांनी चहा घेऊन तिकडं या, गठ्ठा एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट कसे तिरपे-तिरपे आवळायचे ते करून दाखवतो. जुने यू-बोल्ट परत वापरू नका. आणि नवे आवळलेत तरी चार-पाचशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा आणा, ते एकदा हमखास सैल पडतात.