कँकामागस हायवेवर निघण्याआधी

(लिंकन गावाबाहेर, गाडीजवळ उभं राहून)

आधी टाकी फुल करून घ्या. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यातल्या या लिंकनपासून पलीकडच्या कॉनवेपर्यंत सुमारे ५५ किलोमीटरचा कँकामागस हायवे आहे आणि वाटेत एकही पेट्रोलपंप नाही. मोबाइलची रेंजही जाते, तेव्हा नकाशा आत्ताच डाउनलोड करा.

बोस्टनकडची आपली मंडळी दसऱ्याच्या आसपास इथे फॉल कलर्स, म्हणजे पानगळीआधीचे रंग, बघायला येतात. मेपल लाल-केशरी, बर्च आणि बीच पिवळे. डोळे निवतात अगदी. पण ही झाडं इथे आहेत हेच मुळात केवढं नवल आहे, ते मला आज सांगायचंय.

सव्वाशे वर्षांपूर्वी लाकूड कंपन्यांनी या दऱ्यांमध्ये थेट आगगाडी आणली आणि उतारच्या उतार बोडके केले. मागे पडलेल्या फांद्या-पाल्यावर इंजिनाची ठिणगी उडायची आणि डोंगर पेटायचे. माती धुपून नदीत जायची. खाली याच राज्यातल्या मँचेस्टरच्या कापडगिरण्या मेरिमॅक नदीच्या पाण्यावर चालत, त्यामुळे जंगलप्रेमींच्या जोडीला गिरणीवालेही ओरडू लागले. १९११ मध्ये वीक्स कायदा झाला. नद्यांचे उगम वाचवण्यासाठी खाजगी जमीन घ्यायची मुभा सरकारला मिळाली. आपल्याकडे राखीव जंगल म्हटलं की सरकारी जमीनच डोळ्यापुढे येते. इथे सरकारने उजाड डोंगर पैसे मोजून विकत घेतले आणि झाडांना पुन्हा वाढू दिलं! १९१८ मध्ये व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्ट उभं राहिलं.

म्हणून निघाल्यावर थोड्याच वेळात लिंकन वूड्सला थांबाच. झुलता पूल ओलांडला की पायवाट सरळ आणि सपाट लागते, कारण ती त्या आगगाडीचीच वाट. काही ठिकाणी लाकडी स्लीपर अजून मातीत रुतलेले आहेत, आणि दोन्ही बाजूंनी दाट झाडी. मला तिथून पाय निघत नाही.

पुढे रस्ता वळणं घेत ८७० मीटरवरच्या खिंडीत चढतो. उंची महाबळेश्वरहून कमीच, पण इथे पाणी वाटलं जातं. पश्चिमेचं मेरिमॅकला, पूर्वेचं स्विफ्ट नदीतून साको नदीला. उतरताना स्विफ्ट बराच वेळ सोबत असते. सॅबाडे धबधब्यापर्यंत थोडंच चालावं लागतं, तो चुकवू नका.

आणि हो, कँकामागस हे माणसाचं नाव आहे. इथल्या मूळ रहिवासी पेनाकूक लोकांचा तो प्रमुख. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज वसाहतींशी लढला आणि शेवटी उत्तरेकडे निघून गेला. रस्ता पूर्ण झाला १९५९ मध्ये.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, शनिवार-रविवार टाळून, सकाळी लवकर निघा. गाडी चालवणाऱ्याने रंग बघायला थांब्यावरच उतरावं. संध्याकाळ झाली तर वेग कमीच ठेवा, मूस, म्हणजे इथली प्रचंड हरणं, अचानक रस्त्यावर येतात.