वार पडेपर्यंत

बाळ रडलं की खोलीतल्या सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. मुलगा की मुलगी, वजन किती भरलं, तोंडवळा कुणाचा. नेमक्या त्याच वेळी आईकडे लक्ष हवं असतं, म्हणून आज बाळंतपणाच्या तिसऱ्या टप्प्यावरच, म्हणजे वार पडण्यावरच बोलते.

आधीचे दोन टप्पे थोडक्यात. कळांनी गर्भपिशवीचं तोंड पातळ होत उघडतं, १० सेंटिमीटरपर्यंत. कळांनी जोर धरल्यावर, म्हणजे ५ सेंटिमीटरनंतर, पहिलटकरणीला त्यात १२ तासही जाऊ शकतात. पुढे बाळ बाहेर येईपर्यंत दुसरा टप्पा. पहिल्या खेपेला तो ३ तासांच्या आत, पुढच्या खेपांना बहुधा २ तासांच्या आत संपतो.

आता वार, म्हणजे पिशवीच्या भिंतीला चिकटलेली, नाळेतून बाळाला पोसणारी प्लॅसेंटा. बाळ बाहेर आलं की पिशवी आकसते. आतली वार मात्र आकसत नाही. फुग्यावर कागद चिकटवून हवा सोडली तर कागद सुटून येतो ना, तशीच ती भिंतीपासून सुटते. सुटलेल्या जागी रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात, आणि दिवस भरलेल्या पिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त येत असतं. ते थांबतं कशानं? या वाहिन्या पिशवीच्या आडव्यातिडव्या स्नायूंमधून येतात. स्नायू आवळले की त्या जागच्या जागी चिमटल्या जातात. पिशवी सैल राहिली की हा चिमटा बसतच नाही. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं सगळ्यात मोठं कारण हेच.

म्हणून बाळ जन्मल्यावर पोट चाचपून दुसरं बाळ नाही ना, याची खात्री करायची आणि मिनिटाभरात पिशवी आवळायला लावणारं ऑक्सिटोसिन १० युनिट मांडीच्या स्नायूत द्यायचं. हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवलेलं असावं. उन्हाळ्यात टेबलावर पडून राहिलं तर त्याचा गुण कमी होतो. आणि कळा वाढाव्यात म्हणून हेच इंजेक्शन घरी, बाळ व्हायच्या आधी कुणी देत असेल तर ताबडतोब अडवा. त्यानं पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं.

बाळ ठीक असेल तर नाळ कापायची घाई करू नका, १ ते ३ मिनिटं थांबा. बाळाच्या वाट्याचं रक्त त्याला मिळू द्या.

वार सुटल्याच्या खुणा अशा: नाळ थोडी लांबते, रक्ताची एक चिळकांडी येते, पिशवी गोल आणि कडक लागते. पिशवी सैल असताना नाळ ओढणं हा सगळ्यात घातक उतावीळपणा. नाळ तुटते, नाहीतर पिशवीच उलटी होऊन बाहेर येते. प्रशिक्षित नर्स कळ आल्यावर एका हातानं ओटीपोटावरून पिशवी वर रेटून धरते आणि दुसऱ्या हातानं नाळ हळूहळू खाली ओढते. ३०-४० सेकंदांत वार उतरली नाही तर सोडून पुढच्या कळेची वाट पाहते. अर्ध्या तासात पडली नाही, तर वरच्या रुग्णालयात हलवायची तयारी.

पडलेली वार ताटलीत पसरून बघा. एखादा तुकडा कमी दिसला तर तो आत आहे, आणि तो असेतो पिशवी नीट आवळणार नाही.

यानंतरचे दोन तास दर १५ मिनिटांनी हात पोटावर. बेंबीच्या आसपास नारळासारखी टणक गाठ लागली पाहिजे. मऊ लागली तर गोलाकार चोळा, आणि लघवी झाली का ते विचारा. भरलेलं मूत्राशय पिशवीला आवळू देत नाही. बाळाला छातीशी लावा, चोखल्यानं शरीरातलंच ऑक्सिटोसिन सुटतं.

‘अंगावरून गेलेलं बरं, घाण निघते’ असं घरातली मोठी माणसं मायेनंच म्हणतात, पण ते ऐकून थांबू नका. ५ मिनिटांच्या आत पॅड पूर्ण भिजलं की लगेच १०८ ला फोन लावा. तरुण बाईचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो, नाडी आधी वाढते. म्हणून मशीनवरचा आकडा चांगला दिसला तरी मनगटावरचं बोट काढू नका.