रेव्हरंड नारायण शेषाद्री आणि त्यांचा धाकटा भाऊ

श्रोतेहो, नमस्कार.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या प्रेसबिटेरियन पंथात पाळक म्हणून दीक्षा घेतलेल्या एका मराठी ब्राह्मणाविषयी आणि त्याच्या घराविषयी आज बोलायचे आहे. त्यांचे नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री. प्रेसबिटेरियन पंथात बिशप नसतो. पाळक आणि मंडळीतून निवडलेले ज्येष्ठ सभासद मिळून कारभार पाहतात. मुंबईतले या पंथाचे मिशनरी, म्हणजे डॉ. जॉन विल्सन, रॉबर्ट नेसबिट आणि त्यांचे सहकारी, 1843 साली मूळ स्कॉटिश चर्चमध्ये फूट पडली तेव्हा नव्या फ्री चर्चमध्ये गेले. नारायण याच मिशनच्या शाळेचे विद्यार्थी होते. एवढी पार्श्वभूमी आपल्याला पुरे आहे, कारण मला जे सांगायचे आहे ते घडले नारायणरावांच्या धाकट्या भावाच्या बाबतीत. त्याचे नाव श्रीपत.

सप्टेंबर 1843 मध्ये नेसबिटसाहेबांच्या हातून नारायण यांचा बाप्तिस्मा झाला. ते जाणते होते, आणि निर्णय त्यांचा स्वतःचा होता. परंतु त्यांच्याबरोबर मिशनच्या घरी राहायला आलेला श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, हे श्रोत्यांनी कृपया ध्यानात ठेवावे, कारण पुढचा सारा वाद याच एका गोष्टीभोवती फिरला. तो भावाजवळ राहिला आणि मिशनऱ्यांच्या घरचे अन्न जेवला. बाप्तिस्मा झाला नव्हता. अन्नव्यवहार मात्र झाला होता.

या भावांचे वडील मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि मुलगा आमच्या हवाली करावा म्हणून त्यांनी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे ताब्यात ठेवलेल्या व्यक्तीला कोर्टापुढे हजर करण्याच्या हुकमासाठीचा, अर्ज केला. चारच वर्षांपूर्वी, 1839 साली, धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाबद्दल याच कोर्टात असाच खटला झाला होता. तेव्हा तो तरुण स्वतःचे बरेवाईट ओळखण्याइतका मोठा आहे असे मानून कोर्टाने त्याला हवे तिथे जाण्याची मोकळीक दिली होती, आणि परिणामी पारशी पालकांनी आपली मुले मिशनच्या शाळेतून भराभर काढून घेतली होती. श्रीपतच्या बाबतीत निकाल उलट लागला. मुलगा अजाण आहे, सबब त्याचा ताबा बापाकडे, असे कोर्टाने ठरवले. आता मला मूर्तिपूजा करावी लागणार का, असे त्या मुलाने भर कोर्टात विचारल्याचे मिशनच्या वृत्तांतात नमूद आहे. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात मुलावरचा हक्क बापाचा होता आणि आईला कोणी विचारत नसे. मला ही गोष्ट फार लागते. एक मुलगा धर्माने दुरावला, दुसरा कोर्टाच्या हुकमाने परत आला, आणि या सगळ्यात आईचे म्हणणे ऐकायला कोणताही कायदा बांधलेला नव्हता.

वडिलांनी खटला जिंकला, मुलगा घरी आला, आणि खरी कसोटी तिथून पुढे सुरू झाली. ब्राह्मणांच्या पंक्तीत त्याला कोण घेणार? मुलाचा बाप्तिस्मा झालेला नाही, तो अजाण आहे आणि दोष आहे तो केवळ अन्नाचा, म्हणून प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करावे, असे एका पक्षाचे मत होते. या पक्षाच्या अग्रभागी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीमुळे आपण त्यांना 1832 च्या ‘दर्पण’चे संपादक म्हणून ओळखतो. माझ्या मते त्यांच्या चरित्रातले हे प्रकरण ‘दर्पण’च्या तोडीचे आहे, आणि मुलांना ते शिकवले गेले पाहिजे. वर्तमानपत्र काढायला विद्या लागते. स्वतःच्या जातीने वाळीत टाकण्याची धमकी दिली असता एका परक्या घरच्या पोराची बाजू सोडायची नाही, याला विद्येच्या जोडीला आणखी काहीतरी लागते.

सनातनी पक्षाने कडाडून विरोध केला. ख्रिस्ती घरी जेवलेल्याला परतीची वाट नाही, आणि जो त्याला परत घेईल तोही बाटला, असे त्यांचे म्हणणे होते. शास्त्रार्थ झाले, पंडितांची मते मागवली गेली, आणि श्रीपतला प्रायश्चित्तासाठी काशीला पाठवण्याची खटपट झाली. ती काशीयात्रा रेल्वेपूर्वीची होती, हे विसरू नये. आपल्याकडे पहिली आगगाडी धावली ती 1853 साली. एवढे करूनही जातीतला विरोध शमला नाही. कोर्टाने मुलगा बापाला दिला, पण त्याचा पंक्तीतला पाट कोणताही न्यायाधीश मिळवून देऊ शकत नव्हता. एकाच घरातले दोन भाऊ होते. जो आपखुशीने बाहेर पडला त्याला नवी मंडळी मिळाली, आणि ज्याला घरी आणले त्याच्यासाठी दार पुरते उघडले नाही. जांभेकरही 1846 साली, ऐन उमेदीच्या वयात निवर्तले.

नारायणरावांची पुढची हकिगत आता थोडक्यात सांगतो. 1854 साली त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली, आणि काही वर्षांनी ते निजामाच्या मुलखात जालन्याला गेले. तिथे मातंग समाजात, ज्याला तेव्हा मांग म्हणत, त्यांनी काम उभे केले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली आणि तिच्यावर जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसले. 1873 साली न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्स या प्रोटेस्टंट ख्रिस्ती संघटनेच्या परिषदेत ते पांढरी पगडी घालून उभे राहिले. धर्म बदलला म्हणून वेष बदलला पाहिजे असे त्यांना वाटले नाही, आणि मला हे त्यांचे वागणे मनापासून पटते. पाळकाची थोरवी सांगताना आपण बाप्तिस्म्यांचे आकडे मोजत बसतो. मी मात्र नारायणरावांना ओळखतो ते या निवडीवरून, की ज्या जातीच्या पंक्तीत त्यांच्या भावाला पुन्हा बसता यावे म्हणून काशीपर्यंत खटपट करावी लागली, त्याच जातीत जन्मलेल्या या माणसाने आपले घर गावकुसाबाहेरच्या लोकांत केले, आणि 1891 साली समुद्रप्रवासात मृत्यू येईपर्यंत तेच काम त्यांनी आपले मानले.

नमस्कार.